गतिरोधक नियमानुकूल करून मिळणेबाबत

मी आयुष्यात एकच बेकायदा गोष्ट केली. ती बारा फूट लांब आणि नऊ इंच उंच होती, आणि ती मी दिवसाढवळ्या, सगळ्या कॉलनीच्या देखत केली.

गावाचं नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. फाइल अजून पूर्ण बंद झालेली नाही. आमच्या वस्तीला शिक्षक कॉलनी म्हणतात. अकरा घरांत शिक्षक मी एकटाच, आणि तोही आता निवृत्त. चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. तेवढ्या काळात एसटीत विनातिकीट बसलो नाही, हजेरीपटावर खाडाखोड केली नाही आणि 'आशीर्वाद'मधला 'शी' ऱ्हस्व काढणाऱ्याला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. हे मी स्वतःची स्तुती म्हणून सांगत नाही. पुढं माझ्याबद्दल कागदोपत्री जे काही लिहिलं गेलं, ते वाचण्याआधी हे वाचलेलं बरं, म्हणून सांगतो.

झालं असं, की बसस्टँडसमोरची गर्दी टाळायला भोकरदनच्या काळीपिवळ्या जीपा आमच्या गल्लीतून जायला लागल्या. त्या जात नसत, सुटत असत. एका सकाळी माझी बायको दीपमाला दारात उभी राहून हातगाडीवरची भाजी घेत होती. ती आरोग्य केंद्रात सिस्टर आहे, त्यामुळं सगळी कॉलनी तिला सिस्टर म्हणते. एक जीप तिच्या इतकी जवळून गेली, की तिच्या हातातली मेथीची जुडी आरशात अडकून भोकरदनला गेली. मनगटाला खरचटलं. तिनं स्वतःच मलम लावलं, स्वतःच "काही न्हाई झालं" म्हणाली आणि ड्युटीवर निघून गेली. मला मात्र बसवेना. मी ओट्यावरून आत, आतून ओट्यावर, असा अकरा वाजेपर्यंत फिरत होतो. जीप चार बोटं इकडं आली असती तर, एवढा एकच विचार डोक्यात होता.

शेजारी राधेश्यामजींच्या कंपाउंडचं प्लास्टर चाललं होतं. तिथला कचरू मिस्त्री माझ्या फेऱ्या मोजत असावा. तो म्हणाला, "सर, स्पीड ब्रेकर टाकून घ्या. माल उरलेलाच हाय."

तासाभरात काम झालं. मला ते जरा उंच वाटलं. कचरू म्हणाला, नवीन आहे, गाड्या जाऊन जाऊन दबंल. सिमेंट दबत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. माझा विषय मराठी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा कॅन उलटला. दुपारी राधेश्यामजींच्या सूनबाईंची स्कूटी मधोमध टेकली आणि पुढंही जाईना, मागंही येईना. चौघांनी उचलून उतरवली. एका काळीपिवळीचा सायलेन्सर तिथंच राहिला, तो अजून आमच्या अंगणात आहे. संध्याकाळी समोरच्या बद्रीनाथरावांची नवी कार आली. बद्रीनाथराव म्हणजे तीर्थपुरीकडचे मोठे शेतकरी. इथं त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. खालून असा आवाज आला, की ओट्यावर बसलेल्या माझे दात आंबले. ते उतरले, वाकून गाडीचं पोट पाहिलं, मग गतिरोधक पाहिला, मग मला.

"चांगलं केलं सर," ते म्हणाले. "फक्त आधी कळवायचं व्हतं."

त्यापुढं ते कार दुकानापाशीच लावून पायी घरी येऊ लागले. येताना माझ्या दाराकडं पाहत नसत. ते न पाहणं मला रोज सात वाजता दिसायचं.

सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, थोडा तासून घ्या. कोणी म्हणालं, तासला तर मंग टाकला कशाला. राधेश्यामजींचं कापडाचं दुकान. त्यांचा सगळा विश्वास दिसण्यावर. ते म्हणाले, "सर, पिवळे-पांढरे पट्टे मारा. सरकारी दिसंल. मंग कोणी इचारत न्हाई." मी दोन दिवस उकिडवा बसून पट्टे मारले. ते इतके सरळ आले, की पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ येऊन ही कोणती योजना आहे आणि अर्ज कुठं करायचा, असं विचारून गेले. मला त्या दिवशी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी नगरपंचायतीची नोटीस आली. चार ओळी होत्या आणि सात चुका.

"आपण आपल्या घरासमोरिल सार्वजनीक रस्त्यावर विनापरवाना गतीरोधक ऊभारला असल्याचे निदर्शणास आले आहे. सदर अनधिकृत गतीरोधक सात दिवसांत काढून घ्यावा अथवा नियमानुकुल करून घ्यावा."

सात चुका 'गतीरोधक' दोनदा धरून. मी लाल पेनानं त्या सगळ्या दुरुस्त केल्या. पण 'अनधिकृत' हा शब्द नेमका शुद्ध लिहिलेला होता. त्याच्याकडं मी कितीतरी वेळ पाहत होतो. मुलगी साक्षी पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, पप्पा, काढून टाका ना, एवढं काय त्यात. तिला कसं सांगणार? काढून टाकला असता, तर तो अनधिकृत होता हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. आणि दुसरीकडं त्या नोटिशीतला 'नियमानुकूल' हा शब्द मला खुणावत होता.

मी शब्दकोश काढला. संध्याकाळी दीपमाला आल्याबरोबर तिला समजावून सांगितलं. 'कूल' म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून चालतं ते अनुकूल. नियमाच्या काठानं चालायला लावणं म्हणजे नियमानुकूल करणं. यात गुन्हा कबूल करणं नाही, शिक्षा नाही, पाडापाडी नाही. वस्तू तिथंच राहते, फक्त काठाला लागते. किती सभ्य शब्द आहे, बघ.

तिनं पर्स खुंटीला लावली. "पण तो तर आडवा हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीत गेलो. बांधकामाच्या टेबलावर कल्याण बसला होता. नोटीस त्यानंच लिहिली होती. दहावीच्या चाचणीत त्याला मी शंभरातले चौतीस दिले होते. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "सर, आज मी इथं हाय तो तुमच्यामुळंच." हे कोणत्या अर्थानं, ते मी विचारलं नाही. लाल खुणांची नोटीस मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

अर्जाचा विषय मी 'गतिरोधक कायदेशीर करणेबाबत' असा लिहून नेला होता. कल्याण म्हणाला, कायदेशीर करणं कोर्टाचं काम, आपल्याकडं तसं काही होत नाही. मी घरी येऊन 'मंजूर करणेबाबत' असं लिहिलं. तो म्हणाला, मंजुरी आधी असते. बांधून झालेल्याला मंजुरी कशी देणार? मी 'नियमित करणेबाबत' लिहिलं. त्यावर बाजूच्या टेबलावरच्या बाईंनीच मान वर करून सांगितलं, की नियमित रोजंदारीवरच्या माणसाला करतात, सिमेंटला नाही. चौतीस वर्षं मी समानार्थी शब्दांच्या जोड्या लावायला शिकवल्या. त्या आठवड्यात मला कळलं, की निदान त्या इमारतीत कोणताही शब्द कोणत्याही शब्दाचा समानार्थी नाही. शेवटी नोटिशीतलाच शब्द नोटीस देणाऱ्याकडं परत नेला. 'नियमानुकूल करून मिळणेबाबत.' कल्याणनं लगेच शिक्का मारला आणि आवक नंबर टाकला.

तो नंबर पडला आणि माझं सुख संपलं.

कारण अर्जाला रस्त्याचा नकाशा जोडावा लागतो. कल्याणनं कपाटातून आमच्या कॉलनीचा मंजूर लेआउट काढला, टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. मग नकाशा फिरवून पाहिला. मग मला म्हणाला, सर, तुमचं घर दाखवा बरं. मी नकाशातल्या विहिरीवरून मोजत आलो, पाचव्या घरावर बोट ठेवलं. बोटाखाली घर नव्हतं, रस्ता होता.

पूर्वी कधीतरी कोणीतरी दोरी चुकीच्या खुंटीला बांधली असणार. आमची अकरा घरं वीस फूट पलीकडं सरकून बांधली गेली होती. आम्ही ज्याला रस्ता म्हणतो ती नकाशात खुली जागा होती, आणि नकाशातला रस्ता आमच्या ओळीतल्या घरांच्या बैठकीच्या खोल्यांतून जात होता.

"मंग माझ्या गतिरोधकाचं?" मी विचारलं.

कल्याण खाली मान घालून म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका. नकाशाप्रमाणं पाहिलं तर रस्त्यावर आडवं तुमचं घरच येऊन राह्यलं."

मी अर्ज मागं घेतो म्हणालो. तो म्हणाला, आवक नंबर पडला, आता तो माझ्याही हातात नाही.

मोजणीचा दिवस मला विसरता येणार नाही. भूकरमापक साहेब आणि दोन माणसं चुना घेऊन आली. लेआउटप्रमाणं रस्त्याची हद्द आखत ते एका घरातून दुसऱ्या घरात गेले. आमच्या बैठकीत चुन्याची रेघ तिरपी आली. बुद्धमूर्तीचं कपाट आणि दीपमालाची शिलाई मशीन घरात राहिली. टीव्ही, सोफा आणि मी रस्त्यावर. बद्रीनाथरावांची ओळ समोरची, पण रेघ तिकडंही फिरली. त्यांचं अख्खं देवघर खुल्या जागेत निघालं. त्यांच्या आई दुर्गाबाई रेघेच्या आत हात जोडून बसल्या होत्या आणि चुनेवाला त्यांना वळसा घालून गेला. राधेश्यामजींच्या घरी रेघ पलंगावरून जात होती, म्हणून साहेबांनी ती पलंगाखालून काढली.

त्या संध्याकाळी सात वाजता बद्रीनाथराव पहिल्यांदा माझ्या दारात थांबले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सर, तुम्हाला एक टेंगूळ बांधायचं व्हतं," ते म्हणाले. "त्याच्यापायी पूर्ण कॉलनी पाडून राह्यले तुम्ही."

त्यानंतर आमच्याशी कोणी बोलेना. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, वर्तमानपत्राची अदलाबदल नाही. दीपमालाशी लोक आरोग्य केंद्रात बोलत, पण तेही रक्तदाबापुरतं. मी घरात सोफ्याच्या कडेवर बसायला लागलो, पाहुण्यासारखा. पाय रेघेच्या अलीकडं घ्यावे की पलीकडं, हे ठरत नव्हतं. दीपमालानं दोनदा रेघ पुसली. मी दोनदा म्हणालो, शासकीय रेघ आहे, पुसू नये. तिसऱ्यांदा तिनं पुसलीही नाही आणि मला काही म्हणालीही नाही. नुसतं रेघेवर स्टूल ठेवलं आणि त्याच्यावर बसून भाजी निवडायला लागली. तिचा तो शांतपणा मला जास्त लागला. जिच्यासाठी हे सगळं केलं, तिचंच घर माझ्या अर्जामुळं अर्धं गेलं होतं.

एका सकाळी मला ते असह्य झालं. मी पहार घेऊन बाहेर आलो आणि गतिरोधकावर घाव घातला. एक कपचा उडाला. दुसरा घाव घालणार, तेवढ्यात नगरपंचायतीचा शिपाई सायकलवरून येताना दिसला. त्यानं सायकल टाकली आणि पहार धरली. प्रकरण कार्यवाहीत आहे, म्हणाला. निर्णय होईपर्यंत जागेवरच्या कोणत्याही वस्तूला हात लावता येत नाही. म्हणजे बांधला तेव्हा तो अनधिकृत होता, आणि आता तोडणं अनधिकृत झालं होतं. सगळी कॉलनी खिडक्यांतून पाहत होती. मी कपचा उचलून जागेवर बसवला आणि आत गेलो.

त्याच शिपायाच्या पिशवीत अकरा नोटिसा होत्या. आपले राहते घर मंजूर रेखांकनाशी विसंगत असल्याने पंधरा दिवसांत नियमानुकूल करून घेण्यासाठी अर्ज करावा. या वेळी 'नियमानुकूल' शुद्ध लिहिलेलं होतं. कल्याणनं माझ्या लाल खुणा वाचल्या होत्या.

दोन दिवस गल्लीत सामसूम. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मागच्या दाराशी दुर्गाबाई उभ्या. पदराखाली नोटीस. त्या म्हणाल्या, बद्रीला न सांगता आले, पण एवढं तुम्हीच लिहून द्या, त्याच्या अक्षरानं घर वाचायचं न्हाई. मी लिहून दिलं. तासाभरानं राधेश्यामजी पुढच्या दारानं आले. कापडवाल्याला लाज कमी. त्यांनी येताना कोऱ्या कागदांचा गठ्ठाच आणला. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर रांग लागली. दीपमाला ड्युटीवरून आली आणि तिनं केस पेपरसारखे नंबर दिले. सात वाजता बद्रीनाथराव आले. आईचा अर्ज झालाय हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्याच घराचा दुसरा अर्ज निमूटपणे लिहिला. तेही निमूटपणे बसले. जाताना म्हणाले, "मनगट कसं हाय सिस्टरचं?" महिना उलटून गेला होता त्या गोष्टीला. मी बरं आहे म्हणालो.

शेवटी आल्या अकराव्या घरातल्या कांताबाई. जिनिंग मिलमध्ये कापूस निवडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नवरा लवकर वारला. गल्लीच्या टोकाचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर त्यांनी स्वतः माती कालवून उभं केलेलं. त्या कॉलनीत कधी कोणाच्या ओट्यावर बसायला येत नसत, आणि खरं सांगायचं तर कोणी बोलावतही नसे. आम्हीसुद्धा. त्यांनी विचारलं, हे नियमानुकूल म्हणजे काय. मी नदीचा काठ वगैरे सोडून दिलं आणि साधं सांगितलं: तुमचं घर नियमाला पटेल असं करून घ्यायचं.

त्यांनी विचार केला. घाई केली नाही.

"मंग उलटं लिवा सर," त्या म्हणाल्या. "घर बराबरच हाय. तीस वर्सं झाले, हाललं न्हाई जागचं. चुकला तो कागद. त्या नियमाला म्हणाव, घराजोगा हो."

मी पेन खाली ठेवलं. असा अर्ज होत नसतो, हे त्यांना सांगायला हवं होतं. रांग संपली होती, ओट्यावर त्या आणि आम्ही दोघंच होतो. दीपमाला माझ्याकडं पाहत होती. मी पुन्हा पेन उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचा विषय लिहिला: 'नियम माझ्या राहत्या घरास अनुकूल करून मिळणेबाबत.' कांताबाईंनी खाली सावकाश सही केली. अक्षरं मोठी होती, पण एकही काना चुकला नव्हता.

बद्रीनाथरावांच्या घरचे दोन अर्ज एकात लावून सगळे अकरा मीच नेऊन दिले. कल्याणनं अकरावा अर्ज दोनदा वाचला. मग शाळेत बाकावरून पाहायचा तसं माझ्याकडं पाहिलं.

"सर, हितं चूक राह्यली का?"

"न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल बराबर हाय."

त्यानं शिक्का मारला.

चार महिने गेले. ते कसे गेले हे सांगत बसत नाही. दारात सायकलची घंटा वाजली तरी मी उभा राहायचो. शेवटी नगरपंचायतीचा ठराव झाला. दहा अर्ज त्रुटी काढून परत आले. पण अकरा घरं वीस फूट हलवण्यापेक्षा नकाशातली रेघ वीस फूट हलवणं बरं, असं कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. सुधारित लेआउट मंजूर झाला. घरं घरांत आली, रस्ता रस्त्यावर आला. ठरावात लिहिलं होतं: 'अर्जदार क्रमांक अकरा यांच्या विनंतीस अनुसरून.' आणि अगदी शेवटी: 'सदर रस्ता आता अधिकृत झाला असल्याने त्यावरील अनधिकृत गतिरोधक तत्काळ हटविण्यात यावा.'

जेसीबी आला आणि माझे पट्टे, सिमेंट आणि त्याच्याखालचा रस्ता असं सगळं एका घासात उचलून घेऊन गेला. तिथं आता हातभर खोल खड्डा आहे. काळीपिवळ्या त्याच्यापाशी येऊन अगदी चालत चालत जातात. खड्ड्याला परवाना लागत नाही. बद्रीनाथराव कार घरापर्यंत आणत नाहीत, पण पायी येताना माझ्या ओट्यावर टेकतात.

ठरावाची प्रत घेऊन मी आणि दीपमाला कांताबाईंकडं गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चहा टाकला. मी त्यांचा अकरा नंबर वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग कागद घडी घालून डब्यात ठेवला आणि वर पत्र्याकडं पाहिलं. पत्र्याला दोन-तीन ठिकाणी डांबराची ठिगळं होती.

"म्हंजे आता कोणी पाडत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई पाडत," दीपमाला म्हणाली.

"तीस वर्सं ह्याच भ्यावानं वर हात लावला न्हाई. मंग आता हे पत्रे काढून स्लॅब टाकून घेते. कचरू मिस्त्रीला उद्याच सांगते."

स्लॅबला बांधकाम परवाना लागतो. आराखडा लागतो, अभियंत्याची सही लागते, अर्ज लागतो. मी तोंड उघडलं. दीपमालानं माझ्याकडं पाहिलं.

मी तोंड मिटलं आणि चहा घेतला. चहा चांगला झाला होता.